मालक पुण्यात, मैदान ब्लॅकबर्नमध्ये

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न हे गाव भारतीय वाचकाला अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. एके काळी तेथील मागांवर विणलेली धोतरे आपल्या बाजारपेठेत विकली जात. परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ तेथील कामगारांना कशी लागली, हे जाणून घेण्यासाठी सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी शेजारच्या डार्वेन गावी जाऊन आले होते. पुढे गिरण्या बंद पडल्या, माग मोडीत निघाले आणि गावाच्या अभिमानाला टेकण्यापुरती एक जागा उरली. ती म्हणजे 'ब्लॅकबर्न रोव्हर्स' हा फुटबॉल क्लब. १८७५ साली स्थापन झालेला आणि १८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापकांपैकी एक असलेला हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज उद्योगसमूहाने विकत घेतला. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड. शिवाय क्लबच्या डोक्यावरील कर्ज.

त्यानंतर अठरा महिन्यांच्या आत क्लब प्रीमियर लीगमधून खाली उतरला. मे २०१७ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत जाऊन पोहोचला. प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळविलेल्या क्लबवर अशी पाळी येण्याची ती पहिलीच वेळ होती. मे २०१२ मध्ये श्रेणी गमावण्याच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानावर जिवंत कोंबडी सोडून मालकांचा निषेध केला आणि ही सारी कथा इंग्रजी वृत्तपत्रांत चेष्टेचा विषय होऊन बसली. चेष्टेवर विषय संपविणे सोपे असते. परंतु कोंबड्यांच्या व्यवसायात देशभर नाव कमावलेल्या, हिशेबाला पक्क्या असलेल्या एका उद्योगघराण्याचे निर्णय खेळाडूंच्या बाजारात इतके का फसावेत, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने गंभीरपणे विचारावा असा आहे. त्याचे उत्तर पैशाच्या कमतरतेत सापडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

खेळाडूचे मोल

खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा हा बाजार इतर कोणत्याही बाजारासारखा नाही. क्लब विकत घेतो तो खेळाडू नव्हे, तर ठरावीक मुदतीपुरता त्याच्या सेवेवरील हक्क. त्यामुळे खेळाडूसाठी मोजलेली रक्कम कराराच्या वर्षांत विभागून दरसाल घसारा म्हणून खर्ची पडते. दोन कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू तीन वर्षांनंतर वहीत केवळ ८० लाखांचा उरतो. तो त्या वेळी दीड कोटीला विकला, तर खरेदीपेक्षा कमी किंमत येऊनही वहीत ७० लाखांचा नफा दिसतो. उलट क्लबच्या स्वत:च्या प्रशिक्षण केंद्रात वाढलेल्या मुलाची वहीतील किंमत शून्य असते. तो विकला की येणारी सारी रक्कम नफाच. अडचणीतल्या क्लबला आपल्याच गावची मुले प्रथम विकण्याचा मोह का होतो, याचे कारण हिशेबाच्या या रीतीत आहे.

डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्यात दिलेल्या निकालाने या बाजाराला आणखी एक वळण दिले. करार संपला की खेळाडू मोकळा. नवा क्लब जुन्या क्लबला एक छदामही देणे लागत नाही. म्हणजे खेळाडू हा बर्फाच्या लादीसारखा माल झाला. तो ठेवून घेतला तर वितळतो आणि घाईने विकला तर अर्ध्या मोलाने जातो. केव्हा विकत घ्यावे याइतकेच केव्हा विकावे आणि केव्हा करार वाढवावा, यावर सारे अवलंबून असते. निर्णयाला नुसते द्रव्य पुरत नाही. वेळेचे भान आणि जवळून पाहणारा डोळा लागतो.

क्लबांच्या आर्थिक वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास तसा जुना आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पीटर स्लोन यांनी १९७१ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांचे वर्तन नफ्याच्या कमाल मर्यादेने समजत नाही. विजय, प्रतिष्ठा, गर्दी, लीगमधील स्थान अशा समाधानांची बेरीज त्यांना हवी असते. पुढे स्टीफन शिमान्स्की यांनी आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले की, क्लबच्या यशाशी खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या वेतनाचे नाते जितके निकट असते, तितके खरेदीच्या रकमेचे नसते. याचा अर्थ असा की, वेतनाची पातळी बाजाराला बरीचशी कळते. मात्र एकेका खरेदीचा निर्णय हा अपुऱ्या माहितीवर खेळलेला जुगार ठरण्याची शक्यता असते. हा जुगार कोण खेळतो, याला म्हणूनच महत्त्व आहे.

वॉकर यांचा वारसा

धनिक मालक हे ब्लॅकबर्नला नवे नव्हते. पोलादाच्या व्यापारात गबर झालेल्या जॅक वॉकर यांनी १९९१ मध्ये क्लबचा ताबा घेतला. त्याच वर्षी केनी डॅल्ग्लिश यांना त्यांनी मॅनेजर म्हणून आणले. १९९२ मध्ये ॲलन शीअरर हा तरुण आघाडीवीर ३० लाखांहून अधिक पौंड मोजून आणला गेला. १९९४ मध्ये ख्रिस सटनसाठी ५० लाख पौंड पडले. १९९५ मध्ये क्लब विजेता झाला. १९९६ मध्ये शीअररला न्यूकॅसलने घेतले ते दीड कोटी पौंडांना, त्या काळच्या जागतिक उच्चांकी किमतीला.

वॉकर यांनी पैसा ओतला, हे सर्वांना दिसते. त्यांनी काय केले नाही, हे सहसा दिसत नाही. कोणता खेळाडू घ्यावा याचा विचार त्यांनी खेळ जाणणाऱ्यावर सोपविला होता. शिवाय ते त्याच गावचे होते. घेतलेला निर्णय फसला तर त्याची बोलणी त्यांना स्वत:च्या गावात ऐकावी लागणार होती. अर्थात वॉकर यांचा पैसाही अमर नव्हता. १९९९ मध्ये, ते हयात असतानाच, क्लब एकदा खालच्या श्रेणीत गेला. परंतु तो सावरला, परत वर आला आणि २००२ मध्ये लीग कपही जिंकला. ज्या क्लबात निर्णयाची घडी बसलेली असते, तेथे पराभव ही घटना असते. व्यवस्था कोसळत नाही.

दलालांशी झुंजलेल्या घरातच

आता पुण्याकडे वळू. व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी केली. परसातल्या कोंबडीचे शास्त्रशुद्ध उद्योगात रूपांतर करण्याचे मोठे श्रेय त्यांना जाते. त्यांचे आणखी एक कार्य अर्थशास्त्राच्या वर्गात आवर्जून सांगावे असे आहे. अंड्यांचा भाव उत्पादकाने नव्हे तर मधल्या व्यापाऱ्याने ठरवावा, ही रीत त्यांनी मोडून काढली. १९८२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि उत्पादकच आपला भाव जाहीर करू लागले. दलालाचे बळ त्याच्याजवळील माहितीत असते. ती माहिती उत्पादकाच्या हाती आली की दलालाचे बळ ओसरते, हे डॉ. राव यांनी ओळखले होते.

याच घराण्याच्या पुढच्या पिढीने फुटबॉलच्या बाजारात पाऊल टाकले ते मध्यस्थांचे बोट धरून. या पिढीला कोंबडीच्या वाणाची जितकी जाण होती, तितकीच फुटबॉलची अपरिचितता होती. क्लबच्या खरेदीत ज्या मंडळींनी सल्ला दिला, त्यांतला एक जण खेळाडूंचा दलाल होता. ताबा घेतल्यावर महिना उलटण्याआधीच, १३ डिसेंबर २०१० रोजी, सॅम ॲलरडाइस या अनुभवी मॅनेजरला काढून टाकण्यात आले. तेव्हा क्लब वीस संघांत तेराव्या स्थानावर होता. त्यांच्या जागी प्रशिक्षकवर्गातील स्टीव्ह कीन आले. कीन यांचा व्यावसायिक प्रतिनिधी हाच दलाल होता. यात काही बेकायदा होते असे कोणी म्हणणार नाही. पण विकत घेण्याचा सल्ला देणारा आणि विकण्यात ज्याचे हित तो, अशा दोन भूमिका जेथे एकमेकींजवळ येतात, तेथे खरेदीदाराने सावध राहावयाचे असते, हे अंड्यांच्या बाजारात शिकलेल्यांना वेगळे शिकवायला नको होते. क्लबच्या जुन्या संचालकांनी त्याच डिसेंबरात मालकांना पत्र लिहून निर्णय कसे घेतले जात आहेत याबद्दल चिंता कळविली होती. थोड्याच महिन्यांत जुने अध्यक्ष जॉन विल्यम्स क्लब सोडून गेले आणि माहितीचा एक मोठा साठा त्यांच्याबरोबर गेला.

पुढचे चित्र विस्कळीत आहे. जानेवारी २०११ मध्ये रोनाल्डिन्यो या ब्राझीलच्या विख्यात खेळाडूला आणण्याच्या घोषणा झाल्या. तो मायदेशी फ्लॅमेंगोकडे गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये क्लबच्याच केंद्रात घडलेला फिल जोन्स हा एकोणीस वर्षांचा बचावपटू मँचेस्टर युनायटेडला सुमारे १ कोटी ६५ लाख पौंडांना गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये, श्रेणी टिकविण्याची झुंज ऐन भरात असताना, बचावफळीचा आधार असलेला ख्रिस्तोफर सांबा रशियातील क्लबकडे गेला. दोन आधारस्तंभ काढून घेतल्यावर छप्पर खाली आले, यात नवल ते काय?

खालच्या श्रेणीत गेल्यावर परत वर येण्याची घाई झाली. २०१२ च्या उन्हाळ्यात पस्तीस वर्षांचा डॅनी मर्फी आणि छत्तीस वर्षांचा नुनो गोमेश यांना करारबद्ध करण्यात आले. जॉर्डन रोड्स या आघाडीवीरासाठी ८० लाख पौंड मोजले गेले. रोड्सने गोल भरपूर केले. त्याची खरेदी चुकीची म्हणता येणार नाही. पण ज्या क्लबात त्या एका हंगामात कीन, हेनिंग बर्ग आणि मायकेल ॲपलटन असे मॅनेजर एकामागून एक बदलले गेले, तेथे एका उत्तम खरेदीने काय साधणार? बर्ग यांना ५७ दिवसांत घरी पाठविण्यात आले. त्यांच्या भरपाईचा तंटा न्यायालयात गेला तेव्हा क्लबतर्फे असाही पवित्रा घेण्यात आला की, व्यवस्थापकीय संचालकाने हा करार मालकांच्या संमतीविना केला होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि २०१३ मध्ये क्लबला साडेबावीस लाख पौंड मोजावे लागले. खेळाडूंच्या कोणत्याही फसलेल्या खरेदीपेक्षा मला हा खटला अधिक बोलका वाटतो. आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, याबद्दलच ज्या संस्थेत मतभेद आहेत, ती संस्था बाजारात उतरते तेव्हा सौदा आधीच हरलेली असते.

मृदू अंदाजपत्रक

येथे हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांची आठवण होते. समाजवादी देशांतील सरकारी कारखान्यांचे वर्तन समजावून सांगताना त्यांनी 'मृदू अंदाजपत्रकी बंधन' ही कल्पना मांडली. तोटा झाला तरी सरकार भरून देणार, अशी खात्री असलेला कारखाना खर्चाचा विचार करीत नाही. त्याची शक्ती उत्पादन सुधारण्याऐवजी वरिष्ठांकडून रक्कम मिळविण्यात खर्च होते. भांडवलशाहीच्या माहेरघरी, इंग्लंडमध्ये, फुटबॉल क्लब नेमके याच अवस्थेत आहेत, ही गंमतीची गोष्ट आहे. फरक इतकाच की सरकारच्या जागी मालक बसला आहे. व्यंकटेश्वरा समूहाने क्लबमध्ये घातलेली रक्कम कालांतराने वीस कोटी पौंडांच्या घरात गेली. पुण्याहून पैसे येत राहिले, म्हणून चुकांची किंमत चटकन कळली नाही. आणि किंमत कळली नाही, म्हणून चुका सुधारल्या नाहीत.

मात्र मृदू बंधन कधी ना कधी कठीण होते. तोट्याच्या मर्यादेचे नियम मोडल्यामुळे डिसेंबर २०१४ मध्ये क्लबवर खेळाडू खरेदीचे निर्बंध आले. अलीकडे भारतातून क्लबकडे पैसे पाठविण्याचा प्रश्न परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील चौकशीत गुंतला आणि २०२३ पासून रक्कम पाठविण्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. चौकशी म्हणजे दोष नव्हे. तो निवाडा न्यायालयाचा आहे. पण लँकेशायरमधील एका गावाने कोणता खेळाडू ठेवावा आणि कोणता विकावा, हे अंशत: दिल्लीच्या न्यायालयातील तारखांवर अवलंबून राहावे, ही परिस्थिती गावकऱ्यांना कशी वाटत असेल याची कल्पना करून पाहावी.

तिचे परिणाम बाजारात उमटलेच. २०२१ मध्ये ॲडम आर्मस्ट्राँग या आघाडीवीराच्या कराराचे एक वर्ष उरले असताना तो साउदॅम्प्टनला सुमारे दीड कोटी पौंडांना विकला गेला. हा निर्णय शहाणपणाचा होता. पण २०२२ मध्ये जो रॉथवेल, डारा लेनिहन आणि रायन न्याम्बे हे तीन नियमित खेळाडू करार संपून फुकट गेले. पुढच्या वर्षी बेन ब्रेरेटन डियाझ हा मोठी रक्कम मोजून आणलेला आघाडीवीरही तसाच, एक पौंडही हाती न देता, स्पेनला गेला. जानेवारी २०२३ मध्ये एका मध्यरक्षकाला उसनवारीने आणण्याचे ठरले, पण कागदपत्रे मुदतीत पोहोचली नाहीत. त्या हंगामात क्लब सातवा आला. सहाव्या संघाशी गुण समान होते आणि बढतीच्या अंतिम फेऱ्यांतील प्रवेश केवळ गोलफरकाने हुकला. आणखी एक गुण मिळाला असता, तर! एवढ्यावरही शहाणपण आले नाही. वर्षभराने, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अमेरिकेहून येणाऱ्या एका खेळाडूचा व्यवहार पुन्हा कागदपत्रांतील चुकीमुळेच बारगळला.

त्याच दिवसांत ॲडम व्हार्टन विकला गेला. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि वयाच्या सहाव्या वर्षापासून क्लबच्या केंद्रात वाढलेला हा मध्यरक्षक क्रिस्टल पॅलेसने १ कोटी ८० लाख पौंड देऊन नेला. वही पाहिली तर हा सौदा उत्तम, कारण सारी रक्कम नफ्याची. काही महिन्यांतच तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या चमूत होता. गावाला आपल्या मुलाचा अभिमान वाटला असेल. पण त्याला आपल्या मैदानावर वाढताना पाहण्याचे सुख वहीतल्या कोणत्या रकान्यात मांडायचे?

दुसरी बाजू

मालकांवर केवळ दोषारोप करणे न्यायाचे होणार नाही. अनेक मालक क्लबवर कर्जाचा डोंगर उभा करतात आणि निघून जातात. जवळच्याच बेरी गावचा १८८५ साली स्थापन झालेला क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हद्दपार झाला, तो मालकाजवळ पैसा उरला नाही म्हणून. पुण्याच्या घराण्याने ब्लॅकबर्नवर ती पाळी येऊ दिली नाही. तोटा सोसला, पगार दिले. जोन्स किंवा व्हार्टन ज्यातून घडले ते प्रशिक्षण केंद्र चालू ठेवले. २०१७ च्या पडझडीनंतर टोनी मोब्रे यांच्याकडे पाच वर्षे कारभार राहू दिला, तेव्हा क्लब एका वर्षात तिसऱ्या श्रेणीतून वर आला. यावरून दिसते ते असे की, जाणकारावर विश्वास टाकून त्याला काळ दिला, तर याच मालकांच्या याच पैशातून बरे फळ मिळत होते. कोंबडीचा उत्तम वाण सिद्ध व्हायला पिढ्या जाव्या लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना संघ घडायला वर्षे लागतात हे कळू नये, हेच आश्चर्य.

दोष आहे तो व्यवस्थेचा. क्लबची मालमत्ता कायद्याने भागधारकाची असते. पण तिचे मोल मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढून येणाऱ्या गावाने निर्माण केलेले असते. मोल निर्माण करणाऱ्याला मत नाही आणि मत असणाऱ्याला परिणाम भोगावे लागत नाहीत, अशी ही विषम रचना आहे. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे मतांचे बहुमत राखणारा नियम आहे; अपवाद वगळता एकट्या धनिकाला तेथे हवे ते करता येत नाही. इंग्लंडनेही २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. मालकाची आर्थिक क्षमता तपासणे हे त्याचे काम आहे. ते आवश्यकच आहे. परंतु ब्लॅकबर्नचा धडा असा की, क्षमता तपासणे पुरेसे नाही. निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे आणि त्याची जाहीर जबाबदारी कोण घेतो, हेही लिहून ठेवले पाहिजे.

या प्रश्नाला आपल्या घरचीही एक बाजू आहे. पुण्यातच २००७ मध्ये स्थापन झालेला 'पुणे एफसी' दहा वर्षे पुरी न करता बंद पडला. २०१४ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलेला 'पुणे सिटी' २०१९ मध्ये संपला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपो क्लबसह गोव्याचे तीन क्लब २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. ब्लॅकबर्नमध्ये मालक चुकला तर गाव रस्त्यावर येते, बहिष्कार घालते, पत्रे लिहिते आणि क्लब जिवंत राहतो. आपल्याकडे मालकाचा उत्साह ओसरला की क्लब नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी शहराच्या ते ध्यानातही राहत नाही. तिकडे प्रश्न मालकावर अंकुश ठेवण्याचा आहे. इकडे मालकाखेरीज क्लबचे कोणी उरतच नाही, हा प्रश्न आहे. म्हणून क्रीडासंघटनांनी नव्या क्लबला परवानगी देताना मालकाची ठेव पाहावीच. पण त्याबरोबर क्लबच्या कारभारात गावातील सभासदांचा वाटा किती आहे, हेही पाहावे.

डॉ. बी. व्ही. राव यांनी अंड्याचा भाव ठरविण्याचा अधिकार ज्याने कोंबडी वाढविली त्याच्या हाती दिला. क्लब ज्यांनी वाढविला त्यांच्या हातीही त्याच्या भवितव्याचा काही अंश असला पाहिजे. मालकाने पैसा जरूर घालावा आणि मान जरूर घ्यावा. परंतु खेळाडूंचा बाजार हा दूर बसून, मध्यस्थाच्या डोळ्यांनी करावयाचा व्यापार नव्हे. ब्लॅकबर्नने ती किंमत चुकविली आहे. आपल्याला ती टाळण्याची संधी आहे, कारण आपले क्लब अजून उभे राहावयाचे आहेत.